बेवारस वाक्यं

मधुकर वर्तकनं माझा केसानं गळा कापला.

हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलं आहे. 'माझा विश्वासघात झाला' असंही लिहिता आलं असतं. लोक तसंच लिहितात. ते लिहायला सोपं, वाचायला सोपं, आणि ज्यानं घात केला तो त्यात कुठेच नसतो. मला तशी सोय कुणाची करायची नाही. निदान त्याची तरी नाही.

मी जयंती कर्णिक. मुलुंडला आमच्या शाळेत मराठी शिकवत होते. शाळा म्हणजे सुरुवातीला पिठाच्या गिरणीमागच्या दोन खोल्या होत्या. मधुकर आणि मी एकाच जूनमध्ये तिथे लागलो. गिरणी सुरू झाली की आम्ही दोघं घसा ताणून शिकवायचो, आणि संध्याकाळपर्यंत फळ्याखाली खडूची भुकटी कुठली नि पीठ कुठलं ते कळायचं नाही. त्याला बहीण नव्हती, मला भाऊ नव्हता. पहिल्याच दिवाळीत तो भाऊबिजेला माझ्याकडे येऊन पाटावर बसला, आणि मग दर वर्षी बसत गेला. शाळेत आम्ही 'सर' आणि 'बाई', शाळेबाहेर अरे-तुरे. पुढे शाळेची स्वतःची इमारत झाली, तो मुख्याध्यापक झाला आणि मी होते तिथेच राहिले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. भावाला मान मिळाला तर बहिणीनं नाक का मुरडायचं?

शाळेतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जायचा, अशी आमची रीत होती. मधुकर कच्चा मजकूर लिहायचा आणि मी लाल शाई घेऊन बसायचे. त्याला एक खोड होती. 'स्नेहसंमेलन साजरे करण्यात आले', 'पाहुण्यांचे स्वागत करण्यात आले', 'आभार मानण्यात आले'. मी समासात एकच शब्द लिहायचे: कुणी? एकदा त्यानं लिहिलं होतं, 'पाण्याचे पिंप फोडण्यात आले.' मी लिहिलं, 'कुणी?' त्याखाली त्यानं बारीक पेन्सिलीनं उत्तर दिलं, 'मी. धक्का लागला. पण हे इन्स्पेक्टरला कशाला सांगायचं?' मी हसून सोडून दिलं.

आता कुणी म्हणेल, बाईंना कर्मणी प्रयोगाचा राग होता. तसं नाही. 'सरांनी पिंप फोडलं' हासुद्धा व्याकरणाच्या पुस्तकात कर्मणीच, हे नववीच्या मुलींना मीच शिकवत होते. पण त्या वाक्यात सर हजर तरी आहेत. 'फोडण्यात आलं' म्हटलं की फुटलेलं पिंप तेवढं उरतं आणि सर घरी जेवायला निघून जातात. अशा वाक्यांना मी बेवारस म्हणत असे.

बरं, प्रत्येक बेवारस वाक्य लबाड असतं असंही नाही. 'चोराला पकडण्यात आलं' म्हणताना आपल्याला चोराशी कर्तव्य असतं, शिपायाच्या नावाशी नाही. 'नवा रस्ता बांधण्यात आला' म्हणताना शंभर मजुरांची नावं कुठून आणायची? करणारा माहीत नसेल किंवा त्याच्यावाचून अडत नसेल, तर खुशाल वगळावा. माझं मुलींना सांगणं एवढंच असे की वगळताना स्वतःला एकदा विचारा, ह्याला मी वगळते आहे की लपवते आहे. मधुकर दारातून ऐकायचा आणि नंतर चिडवायचा, "जयंती, तू मराठी शिकवतेस की फौजदारी गं?" आणि दर भाऊबिजेला ओवाळणीच्या रुपयांबरोबर लाल शाईची एक बाटली ताटात ठेवायचा. "पुढच्या वर्षाची सोय," म्हणायचा.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते आहे की मधुकरला हा फरक कळत नव्हता असं कुणी म्हणू नये. माझ्याइतकाच त्याला कळत होता.

श्रावणात मुलींना वनभोजनाला न्यायची आमच्याकडे पद्धत होती. छप्पन साली सहावीच्या मुलींनी पवईच्या तलावावर जायचं ठरलं. बस सांगून ठेवली होती. आदल्या दिवशी मधुकरनं मला त्याच्या खोलीत बोलावलं. तिथे अण्णा पाटणकर बसले होते. अण्णांची आग्रा रोडला लाकडाची वखार होती आणि शाळा चालवणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष होते. शाळेवर नवा मजला चढवायचा होता, आणि त्याचं लाकूड अण्णा फुकट देणार होते.

"बस कशाला, बाई?" अण्णा म्हणाले. "आमचा ट्रक उद्या मोकळाच आहे. पोरी वारा खात मजेत जातील."

"पोरी म्हणजे सागवानी फळ्या नाहीत, अण्णा," मी म्हणाले. "उघड्या ट्रकमधून मी त्यांना नेणार नाही."

अण्णा हसले, पण त्यांचा चेहरा उतरला. ते गेल्यावर मधुकरनं दार लोटून घेतलं.

"तू अशी फाडकन बोलतेस ना," तो म्हणाला. "लाकूड अडकलं तर मजल्याची वाट लागेल. त्यांना नाही म्हणणं मला परवडत नाही गं."

"आणि काही झालं म्हणजे?"

"मी बस रद्द करतोय. मी ठरवलंय. जबाबदारी माझी."

तीन वाक्यं, आणि तिन्हींत तो होता. बोलताना माणसाला बेवारस वाक्यं सुचत नाहीत, ती लिहितानाच सुचतात. मी गप्प बसले, कारण तो मुख्याध्यापक होता, आणि खरं सांगायचं तर कारण तो मधुकर होता.

सकाळी मुली डबे घेऊन फाटकात उभ्या होत्या. ट्रकच्या मागच्या फाळक्याची कडी नीट बसत नव्हती, ते ड्रायव्हरनं मधुकरला माझ्यासमोर सांगितलं. मधुकर म्हणाला, "दोरीनं आवळून बांध. उशीर होतोय." ड्रायव्हरनं बांधलं. मी मुलींना चढवलं आणि शेवटी मीही चढले. माणिक नावाची एक किडकिडीत मुलगी होती. तिला गाडी लागायची. ती पांढरीफटक पडलेली पाहून मी तिला वारा लागावा म्हणून मागे, फाळक्यालगत बसवलं. मीच बसवलं. पुढे हे मी कधीही नाकारलं नाही.

भांडुपच्या पुढे एका खड्ड्यात ट्रक आपटला, दोरी निसटली, फाळका खाली पडला आणि माणिक त्याच्याबरोबर रस्त्यावर गेली.

तबेल्याच्या एका भय्यानं तिला उचललं. नळावर धुणं धुणाऱ्या एका बाईनं लुगड्याचा पदर फाडून तिचा हात बांधला. दुधाची एक गाडी कुणीतरी थांबवली, ती कुणी थांबवली हे मला आजही ठाऊक नाही. त्या गाडीतून आम्ही इस्पितळात पोचलो. माणिकचं उजवं कोपर मोडलं होतं. हाड बसेल पण हात पूर्ण सरळ होणार नाही, असं डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं. तिची आई विमला, मालवणकडची. बाप आधी कापडगिरणीत होता, आता भांडुपला एका कारखान्यात लागला होता. विमला रडली नाही. तिनं डॉक्टरांना एवढंच विचारलं की पोरीनं लिहायचं कशानं.

आठवड्याभरात शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टरनी अहवाल मागवला. अपघात कसा झाला, कोण जबाबदार, आणि जबाबदार माणसावर शाळेनं काय कारवाई केली ते कळवा, नाहीतर मान्यतेचा विचार करावा लागेल. म्हणजे ज्याचं नाव अहवालात येईल तो जाणार, हे तिघांनाही उघड होतं. अण्णांचं आलं तर अध्यक्षपद, मधुकरचं किंवा माझं आलं तर नोकरी. मला नोकरी हवी होती. श्यामकांतचा, माझ्या नवऱ्याचा, पगार होता, आम्ही उपाशी मेलो नसतो. पण ती शाळा मी पिठाच्या धुरळ्यात खोकत उभी केली होती. त्या शाळेबाहेर मी कोण, हे मला माहीत नव्हतं.

मधुकर म्हणाला, "अहवाल तू लिही. तुझ्यासारखं कुणाला लिहिता येणार नाही."

"लिहिते," मी म्हणाले. "पण एका अटीवर. ज्यानं जे केलं ते त्याच्या नावानं येईल. तुझं तुझ्या, अण्णांचं अण्णांच्या, माझं माझ्या. तिघांची नावं आली तर कुणा एकावर सगळं शेकणार नाही. खात्याला चूक दिसेल, पण बळीचा बकरा मिळणार नाही."

मधुकरनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा पान जुळवत होते. "बाई, पाटणकर कुणाच्या आड लपणारा माणूस नव्हे," ते म्हणाले. "येऊ दे नावं."

"ठरलं," मधुकर म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, ते आठवलं की आज अंगाचा तिळपापड होतो.

मी दोन दिवस बसून लिहिलं. 'अण्णा पाटणकर यांनी आपल्या वखारीचा ट्रक सहलीसाठी देऊ केला. मुख्याध्यापक मधुकर वर्तक यांनी ठरलेली बस रद्द केली. मी हरकत घेतली, परंतु पुढे आग्रह धरला नाही. कडी नादुरुस्त असल्याचे ड्रायव्हरने वर्तक यांना सांगितले. वर्तक यांनी ती दोरीने बांधावयास सांगितली. माणिकला गाडी लागत असल्याने मी तिला फाळक्यालगत बसवले.' पुढे एक वाक्य मात्र मी बेवारस ठेवलं: 'माणिकला इस्पितळात पोहोचवण्यात आले.' तिथे तेच योग्य होतं. तो भय्या, ती नळावरची बाई, तो गाडीवाला, कुणाचंच नाव मला ठाऊक नव्हतं, आणि त्या क्षणी महत्त्वाची फक्त माणिक होती. मजकूर पुन्हा वाचला तेव्हा 'मी तिला बसवले' ह्या शब्दांवर माझा हात थबकला. 'बसवण्यात आले' लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? पण मुलींना काय तोंडानं शिकवणार? मी 'मी' तसाच ठेवला.

मराठी टाइप करणारा माणूस ठाण्याला होता. त्याच्याकडे दोन खेपा नकोत म्हणून आमच्या शाळेत एक पद्धत पडून गेली होती. ज्यांच्या सह्या हव्यात ते कोऱ्या कागदाच्या तळाशी आधीच सही करायचे, आणि टाइप करणारा वरती मजकूर उतरवायचा. निकालपत्रकं, मदतीचे अर्ज, सगळं तसंच जायचं. कोऱ्यावर सही करू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आम्ही गिरणीमागच्या दोन खोल्यांतली माणसं होतो, आम्हाला एकमेकांचं काही वाचून बघायची सवयच नव्हती. अण्णांनी सही केली, मधुकरनं केली, मी केली. लिहिलेले कागद आणि तो कोरा कागद मधुकरनं पिशवीत घातले. "उद्या मीच ठाण्याला जातो," तो म्हणाला.

गणपती झाले आणि एका रविवारी सकाळी मंडळानं पालकांना बोलावलं. मोठ्या वर्गात सतरंज्या अंथरल्या होत्या. इन्स्पेक्टर खुर्चीवर बसले होते. विमला मागे भिंतीला टेकून बसली होती, तिच्या शेजारी माणिक, गळ्यात झोळी आणि झोळीत हात. मधुकर अहवाल वाचायला उभा राहिला. त्याचा आवाज फार चांगला, गोळीबंद. त्याच्या तोंडून माझं लिहिणं ऐकायला मला नेहमी आवडायचं. मी जरा सावरून बसले.

"'सहलीसाठी वाहनाची व्यवस्था करण्यात आली,'" तो वाचू लागला. "'काही अडचणींमुळे बस रद्द करण्यात आली. ट्रकने जाण्याचा निर्णय घेण्यात आला.'"

मला वाटलं, त्याच्याकडून चुकून दुसराच कागद वाचला जातो आहे. मी मान उंच करून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

"'फाळक्याची कडी नादुरुस्त असल्याने ती दोरीने बांधण्यात आली. सहशिक्षिका सौ. जयंती कर्णिक यांनी माणिक हिला फाळक्यालगत बसवले. दोरी सुटून माणिक खाली पडली. अध्यक्ष अण्णा पाटणकर यांनी स्वतःच्या मोटारीतून माणिकला इस्पितळातून घरी पोहोचवले.'"

सगळ्या अहवालात माणसं दोनच होती. एक मी, मुलीला पाडणारी. दुसरे अण्णा, तिला घरी पोचवणारे. माझी हरकत गेली होती, माणिकला गाडी लागते हे गेलं होतं, आणि मधुकर वर्तक तर औषधालाही उरला नव्हता. माझं ते एक वाक्य त्यानं ठेवलं होतं, 'मी' काढून तिथे माझं नाव घालून. बाकीच्या वाक्यांतली नावं त्यानं एकेक करून काढली होती, आणि ती कशी काढायची हे माझ्या लाल शाईकडून शिकून काढली होती. इतकी वर्षं मी 'कुणी?' लिहीत होते, त्या प्रत्येक जागी काय केलं म्हणजे माणूस नाहीसा होतो तेच त्याला दाखवत होते. माझे कान तापले. आधी राग आला नाही. आधी लाज वाटली, जशी काही चोरी माझी पकडली गेली होती.

मी उभी राहिले. "सर, बस कुणी रद्द केली?"

मधुकर कागदाकडे बघत म्हणाला, "ते अहवालात आलं आहे, बाई."

"त्यात रद्द झाल्याचं आलं आहे. कुणी केली ते विचारते आहे. आणि दोरीनं बांध असं कुणी सांगितलं?"

"बाई, ह्यातलं एखादं वाक्य खोटं आहे का?" मधुकर म्हणाला. आवाज तसाच, गोळीबंद. "असेल तर दाखवा."

एकही वाक्य खोटं नव्हतं. बस रद्द करण्यात आली होती, दोरी बांधण्यात आली होती, आणि मी माणिकला बसवलं होतं.

"हा अहवाल मी लिहिलेला नाही," मी इन्स्पेक्टरना म्हणाले.

"खाली सही तुमचीच ना?" अण्णांनी विचारलं.

"कोऱ्या कागदावर केली होती."

मागून कुणी पालक म्हणाला, "मराठीच्या बाई, आणि कोऱ्या कागदावर सही करतात?" दोन-चार जण हसले. इन्स्पेक्टरनी चष्मा पुसला आणि कागद घडी करून ठेवला. मी मधुकरकडे बघत राहिले, की आता तरी हा बोलेल. त्यानं सभा संपल्याचं सांगितलं.

बाहेर पडले तर विमला फाटकाशी थांबली होती. ती मला दोन शब्द सुनावणार म्हणून मी मन घट्ट केलं.

"बाई," ती म्हणाली, "तुमचाच नाव तेवढा कसा इला?"

"मीच लिहिलं होतं."

"आनी बाकीच्यांची नावां?"

"तीही मीच लिहिली होती."

"मगे ती खंय गेली?"

माणिक डाव्या हातानं माझ्या पदराचं टोक धरून उभी होती. तिच्याकडे बघवेना म्हणून मी घरी निघाले.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी शाळेचा शिपाई पत्र घेऊन आला. 'आपणांस कळविण्यात येते की, सुट्टीनंतर आपणांस सेवेतून मुक्त करण्यात येत आहे.' खाली मधुकरची सही. ओळ दीड-दोन बोटांची, त्यात कळवणारा कुणी नाही आणि काढणाराही कुणी नाही. मी ती श्यामकांतला वाचून दाखवली. तो फोर्टात एका ऑफिसात होता, ही भाषा त्याच्या रोजच्या वापरातली.

"असंच लिहितात गं सगळीकडे," तो हळूच म्हणाला.

"सगळीकडे लिहू दे. ह्यानं मला लिहिलं."

मग मात्र मी रडले. नोकरीसाठी रडले, आणि त्याहून जास्त त्या गिरणीमागच्या खोल्यांसाठी, जिथे आम्ही दोघं एकमेकांना ऐकू जावं म्हणून ओरडायचो.

भाऊबिजेच्या सकाळी मी पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. श्यामकांत बघत होता. "येईल असं वाटतं तुला?" त्यानं विचारलं.

"येईल. आला नाही तर लोक विचारतील का आला नाही, आणि त्याला ते नको असेल."

"मग पाट कशाला मांडतेस?"

"समोर बसवायचाय मला तो."

तो आला. नवं धोतर, हातात मिठाईचा पुडा. नेहमीसारखा पाटावर बसला आणि खिशातून लाल शाईची बाटली काढून पाटाशेजारी ठेवली. ही बाटली त्यानं सवयीनं आणली होती की मन दुखावू नये म्हणून, ते मला कळलं नाही, आणि दोन्ही सारखंच लागलं. मी तबकात निरांजन लावलं, सुपारी ठेवली, कुंकू ठेवलं. त्याच्यासमोर बसले.

"मनात ठेवू नकोस, जयंती," तो म्हणाला. "शाळा वाचवायची होती. मान्यता गेली असती तर एवढ्या मुलींनी कुठं जायचं? तुझं घर चालतंय. माझ्यावर चार तोंडं आहेत. मला दुसरा रस्ता दिसला नाही."

"बरं," मी म्हणाले. "ते सगळं मी मान्य करते. आता एक वाक्य म्हण, म्हणजे ओवाळते. 'मी जयंतीला शाळेतून काढलं.' चार शब्द आहेत."

तो रांगोळीकडे बघत राहिला. "असं नसतं ते. तो निर्णय मंडळाच्या बैठकीत..."

"घेण्यात आला," मी पुरं केलं.

"हो. म्हणजे..."

"मग बस. तुला ओवाळण्यातही येईल. कधीतरी, कुणाकडून तरी."

श्यामकांत खिडकीशी उभा होता, तो तोंड फिरवून बाहेर बघू लागला. मधुकरचे कान लाल झाले. मला वाटलं आता म्हणेल. चारच शब्द होते, आणि ते ऐकायला घरात आम्ही दोघंच होतो, इन्स्पेक्टर नव्हता, अण्णा नव्हते. तो म्हणाला असता तर मी त्याला ओवाळलं असतं, हे मला आजही वाटतं. त्याला मी सगळं माफ केलं असतं, नोकरीसुद्धा. त्यानं ओठ हलवले. मग तबकाकडे बोट दाखवलं.

"वारा येतोय," तो म्हणाला. "निरांजन विझेल."

दिवा फुंकरीनं विझवू नये, असं मला लहानपणी आईनं शिकवलं होतं, आणि सणाच्या दिवशी तर नाहीच नाही. मी तबक तोंडाजवळ आणलं आणि फुंकर घातली. वातीचा धूर दोघांच्या मध्ये चढला.

"विझलं नाही, मधुकर," मी म्हणाले. "मी विझवलं."

तो पाटावरून उठला. त्याला कुणी उठवलं, हे त्या वेळी त्याला नीट ठाऊक होतं.